सर्बालची चढण
सीनाईच्या पहाडांत पाणी, वाटाड्या आणि कातळ यांचा इतिहास

वाळवंट म्हटले की मनश्चक्षूंपुढे वाळूचा अथांग सागर उभा राहतो. परंतु सीनाई द्वीपकल्पाचा दक्षिण भाग पाहणाऱ्याची ही कल्पना पहिल्याच दिवशी मोडते. सुएझचे आखात एका अंगास व अकाबाचे आखात दुसऱ्या अंगास, अशा या त्रिकोणी भूमीच्या दक्षिणेस वाळूपेक्षा कातळच अधिक आहे. तांबूस ग्रॅनाइटचे उघडेबोडके पहाड एकावर एक रचल्यासारखे उभे असून त्यांच्यामधून कोरड्या नद्यांची पात्रे वळसे घेत गेलेली आहेत. या पात्रांना अरबी भाषेत ‘वादी’ म्हणतात; आपल्या वस्तीच्या वाडीशी त्या शब्दाचा संबंध नाही. सेंट कॅथरिनचा पहाड सुमारे २,६४० मीटर, जबल मूसा २,२८५ मीटर आणि पश्चिमेकडील पाच सुळक्यांचा सर्बाल सुमारे २,०७० मीटर उंच आहे. उंचीचे हे आकडे हिमालय जाणणाऱ्या वाचकास क्षुल्लक वाटतील. तथापि ज्या पहाडावर सावली नाही, झरा कोठे आहे हे परक्यास ठाऊक नाही, आणि माथ्याजवळची वाट पायांनी चालण्याची नसून हातापायांनी ओढून घेत चढण्याची आहे, त्या पहाडाची खरी उंची मीटरांनी मोजता येत नाही.

अशा चढणीची पूर्वतयारी माणसाने कशी केली, कोणत्या चुकांतून ती शिकली आणि कोणत्या गोष्टी विसरल्यामुळे जीव गमावले, याचा सोळा शतकांचा वृत्तांत सीनाईच्या या मोजक्या पहाडांभोवती गुंफलेला आहे. त्याचे कारण उघड आहे. मोझेसला ईश्वरी आज्ञा ज्या डोंगरावर मिळाल्या तो डोंगर याच भूमीत आहे, अशी ज्यू, ख्रिस्ती व मुसलमान या तिन्ही धर्मांत परंपरा आहे. म्हणून जेथे एरवी मेंढपाळाखेरीज कोणी फिरकले नसते तेथे यात्रेकरू आले, पंडित आले आणि अखेर मोजणीदारही आले.

यांपैकी फार जुने आणि सविस्तर असे प्रवासवर्णन एका स्त्रीचे आहे. एजेरिया नावाची ही यात्रेकरू चौथ्या शतकाच्या अखेरीस, बहुधा ३८१ ते ३८४ या वर्षांच्या दरम्यान, सीनाईत आली होती. तिच्या लॅटिन वृत्तांताचे हस्तलिखित इटलीतील अरेझ्झो येथे १८८४ मध्ये उजेडात आले. शनिवारी संध्याकाळी ती पायथ्याच्या मठवासीयांकडे पोहोचली, रात्र तेथे काढली आणि रविवारी भल्या सकाळी त्यांच्यातीलच वाटाड्यांबरोबर चढू लागली. खोगिरावर बसून वर जाणे शक्य नव्हते; चढ वळसे घेत जाण्याऐवजी भिंतीसारखा सरळ होता, असे ती सांगते. दिवसाच्या चौथ्या प्रहरी, म्हणजे रोमन गणनेप्रमाणे सूर्योदयापासूनच्या चौथ्या तासास, ती माथ्यावर होती. या साध्या नोंदीत वाळवंटातील चढणीचे जवळजवळ सारे शास्त्र आलेले आहे. मुक्काम पायथ्याशी पाण्याजवळ करावा, प्रारंभ पहाटे करावा, त्या जागेचा माणूस पुढे ठेवावा, आणि ऊन कातळात मुरण्यापूर्वी माथा गाठावा. एजेरियाने हे शास्त्र शोधून काढले नव्हते. तेथे राहणाऱ्या तपस्व्यांनी ते तिला आयते दिले.

पुढे सहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट जस्टिनियन याने जबल मूसाच्या पायथ्याशी तटबंदीचा मठ बांधविला. तो आज सेंट कॅथरिनचा मठ म्हणून प्रसिद्ध आहे. मठाच्या रक्षणासाठी व सेवेसाठी ठेवलेल्या लोकांचे वंशज ते जबलिया बदाऊन, असे परंपरा सांगते. मठवासीयांनी डोंगराच्या घळीतून माथ्यापर्यंत सुमारे पावणेचार हजार दगडी पायऱ्या बसविल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिसरचा अधिपती अब्बास पाशा याने दुसऱ्या अंगाने उंट जाण्याजोगा रस्ताही करविला. अशा रीतीने जबल मूसा हळूहळू यात्रेचा डोंगर झाला. सर्बालच्या वाट्यास मात्र असे भाग्य आले नाही. तेथे ना मठ राहिला, ना पायऱ्यांची राखण झाली. त्यामुळे अवघड कातळाची खरी कसोटी तेथेच राहिली.

या सर्बालचा माथा गाठून त्याचे वर्णन लिहून ठेवणारा अर्वाचीन युरोपीय प्रवासी म्हणजे योहान लुडविग बुर्खार्ट. हा स्विस तरुण १७८४ मध्ये जन्मला. लंडनच्या आफ्रिकन असोसिएशनने त्यास आफ्रिकेच्या अंतर्भागाच्या शोधासाठी नेमले होते. त्याने सीरियात राहून अरबी भाषा आत्मसात केली, शेख इब्राहीम हे नाव व मुसलमानी वेश धारण केला, १८१२ मध्ये पेट्राचे अवशेष युरोपच्या नजरेस आणले आणि पुढे मक्केचीही यात्रा केली. १८१६ च्या वसंतात कैरो शहरात प्लेगची साथ पसरली, तेव्हा तो सीनाईकडे निघाला.

बुर्खार्टच्या प्रवासाच्या आखणीत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्याने सामान थोडके घेतले. वाळवंटात भरलेल्या गाठोड्याने सोयीपेक्षा लोभ व संशय अधिक उत्पन्न होतो, हे तो ओळखून होता. टिपणे तो झग्याच्या आड लपून लिही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाटाड्याचा शब्द कोठवर चालतो याचे भान त्याने कधी सोडले नाही. अकाबाच्या किल्ल्यापर्यंत जाण्याचा त्याचा मनोदय होता. परंतु पुढील मुलूख ज्या टोळ्यांचा होता त्यांच्याशी आपल्या सोबत्यांचा संबंध नाही हे पाहून तो अकाबाच्या जवळ येऊनही माघारी वळला. माघार घेण्याची तयारी हा देखील बेताचाच एक भाग असतो. जो प्रवासी हे विसरतो त्याचा बेत केवळ हट्ट ठरतो.

परतीच्या वाटेवर त्याने सर्बाल चढण्याचे ठरविले. तेव्हा उन्हाळ्यास आरंभ झाला होता. सर्बालच्या उत्तरेस फेरान नावाचे खजुराच्या झाडांचे विस्तीर्ण मरुद्यान आहे. तेथून अलेयात नावाच्या वादीतून वर जावे लागते. या वादीचे तळ प्रचंड धोंड्यांनी भरलेले आहे. पुढे उभ्या घळी लागतात. त्यांत कड्यांवरून निखळलेले शिलाखंड एकमेकांत अडकून बसलेले असतात, आणि एकेका शिलाखंडास वळसा घालून, कोठे त्याच्या पोटाखालून सरपटत, कोठे पाठीवर हात टेकून वर जावे लागते. माथ्याजवळ बुर्खार्टला खडकांवर कोरलेल्या अक्षरांच्या ओळी आणि चढण्यासाठी रचलेल्या दगडांच्या पायऱ्यांच्या खुणा आढळल्या. त्यावरून त्याने असे अनुमान काढले की, एके काळी सर्बाल हेच या द्वीपकल्पातील मुख्य यात्रास्थान असावे व त्यालाच लोक मोझेसचा डोंगर मानीत असावेत. कैरोस परतल्यावर दीड वर्षाच्या आत, ऑक्टोबर १८१७ मध्ये, तो तेथेच मरण पावला. त्याच्या या प्रवासाचे पुस्तक १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

या अनुमानातून एकोणिसाव्या शतकातील एक मोठा वाद जन्मास आला. खरा सीनाई कोणता, सर्बाल की जबल मूसा? १८३८ मध्ये अमेरिकन पंडित एडवर्ड रॉबिन्सन व त्याचा सहकारी एली स्मिथ हे दोघे जबल मूसाच्या उत्तर टोकावरील रास सफसाफा या सुळक्यावर मोठ्या कष्टाने हातापायांनी चढले. तेथून त्यांना खाली अर्-राहाचे विस्तृत मैदान दिसले. एवढा जनसमुदाय ज्या ठिकाणी उभा राहून डोंगर पाहू शकला असेल ते ठिकाण हेच, असा रॉबिन्सनने निर्णय दिला. उलट १८४५ मध्ये प्रशियन मोहिमेचा प्रमुख रिशार्ड लेप्सियस याने सर्बालचा पक्ष उचलून धरला. त्याचा युक्तिवाद साधा होता: जेथे फेरानसारखे पाणी आहे तेथेच लोकसमूह राहिला असणार. एकाने मैदान पाहिले, दुसऱ्याने झरा पाहिला. दोघांच्याही मुळाशी प्रश्न एकच होता की, या पहाडांत माणूस किती काळ व कशाच्या बळावर तग धरू शकतो.

याच काळात मुंबईचाही या किनाऱ्याशी संबंध जुळत होता. १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ हे वाफेचे जहाज मुंबईहून सुएझला गेले आणि तांबड्या समुद्राचा मार्ग टपालासाठी खुला होण्याची आशा उत्पन्न झाली. त्या समुद्राचे नकाशे काढण्याचे काम मुंबईच्या आरमारातील ‘पालिन्युरस’ या जहाजाने केले. त्या जहाजावरील लेफ्टनंट वेल्स्टेड हा सीनाईच्या पहाडांतही जाऊन आला. त्याचे प्रवासवर्णन १८३८ मध्ये छापले गेले. समुद्रावरून दिसणारी ही तांबूस शिखरे अशा रीतीने मुंबईच्या दर्यावर्दी लोकांच्या परिचयाची झाली.

वादाचा निकाल लावावयाचा तर मते पुरेशी नाहीत, मोजमाप हवे, ही जाणीव पुढे इंग्लंडात प्रबळ झाली. त्यातून १८६८-६९ ची सीनाईची ऑर्डनन्स सर्व्हे मोहीम निघाली. तीत कॅप्टन चार्ल्स विल्सन व कॅप्टन हेन्री स्पेन्सर पामर हे दोन रॉयल एंजिनियर्स, द्वीपकल्पात पूर्वी पायी हिंडलेला पाद्री एफ. डब्ल्यू. हॉलंड, केंब्रिजचा अरबी भाषापंडित एडवर्ड हेन्री पामर आणि निसर्गाभ्यासक वायट हे होते. त्यांखेरीज सर्व्हेचे चार कनिष्ठ अंमलदार होते. त्यांपैकी सार्जंट-मेजर मॅकडोनल्ड याच्याकडे छायाचित्रणाचे काम होते. दोन्ही वादग्रस्त पहाडांचे मैलास सहा इंच या प्रमाणावर सविस्तर नकाशे काढावयाचे, असे ठरले.

या मोहिमेची आखणी हा या विषयातील एक वस्तुपाठच आहे. पहिला प्रश्न ऋतूचा. त्यांनी नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ निवडला. उन्हाळ्यात ग्रॅनाइट दिवसभर तापतो व सूर्य मावळल्यावरही बराच वेळ धग सोडीत राहतो. अशा कातळावर हात टेकणेही कठीण असते. परंतु हिवाळ्यालाही स्वतःची भीती आहे. उंच भागांत रात्री पाणी गोठते, कधी हिम पडते. आणि मुख्य म्हणजे अकस्मात पूर येतात. हे पहाड पाणी शोषून घेत नाहीत. दूरच्या शिखरांवर तासभर पाऊस झाला की सारे पाणी वादीत उतरते, आणि ज्या पात्रात सकाळी धूळ उडत होती तेथे संध्याकाळी भिंतीसारखा लोंढा येतो. डिसेंबर १८६७ मध्ये फेरानच्या बाजूस असाच पूर आला व त्यात बदाऊनांच्या तळावरील कित्येक माणसे व जनावरे वाहून गेली. तो प्रलय हॉलंडने स्वतः पाहिला होता. वादीच्या मऊ, सपाट तळाशी तंबू ठोकू नये, काठावरच्या उंचवट्यावर ठोकावा, हा नियम अशा किमतीने शिकला जातो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. उन्हात चढणाऱ्या माणसास दिवसास पाच-सहा लिटर पाणी लागते, आणि एका लिटरचे वजन एक किलो. तीन दिवसांचे पाणी पाठीवर घेतले तर कातळ चढण्यास बळ उरत नाही. न घेतले तर परत येण्याची शाश्वती नसते. यातून सुटण्याचा मार्ग एकच. पखालींतील पाणी उंटांवर पायथ्यापर्यंत न्यावयाचे आणि वरच्या भागासाठी झरे, खडकांच्या खळग्यांत साचलेले पावसाचे पाणी व घळींतील डबकी यांवर विसंबावयाचे. परंतु खळग्यात यंदा पाणी आहे की नाही, हे कोणताही नकाशा सांगत नाही. ते त्या आठवड्यात शेळ्या घेऊन तेथून गेलेला माणूसच सांगू शकतो. सर्व्हेच्या लोकांची तहान तर दुहेरी होती, कारण त्या काळच्या छायाचित्रणात काचेच्या ओल्या तावदानावर चित्र घेऊन ते तेथल्या तेथे धुवावे लागे.

तिसरा प्रश्न ओझ्याचा. उंट कोठवर जाईल आणि माणसाने कोठून चालावे, हे आधी ठरवावे लागते. मठाकडे जाणारी नक्ब हवा, म्हणजे वाऱ्याची खिंड, ही जवळची वाट आहे. पण ती धोंड्यांनी भरलेली असल्याने प्रवासी लादलेले उंट वादी-शेखच्या लांब वळणाने पाठवीत व स्वतः खिंडीतून पायी जात. म्हणजे अन्न एका वाटेने व माणसे दुसऱ्या वाटेने. दोन्ही संध्याकाळी एका ठिकाणी भेटतील हा हिशेब चुकला तर ती रात्र उपाशी व उघड्यावर काढावी लागे.

या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर मग कातळाचा विचार. ग्रॅनाइटचा पृष्ठभाग उष्णता व थंडी यांच्या फेऱ्यात कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत जातो. जेथे पापुद्रा गेलेला असतो तेथे गुळगुळीत, उतरती शिळा राहते. जेथे तो सुटावयाचा असतो तेथे हाताखाली घट्ट वाटणारा तुकडा निखळून येतो. म्हणून प्रत्येक आधार भार टाकण्यापूर्वी तपासून पाहावा लागतो. चढताना दिसणारी खोबण उतरताना पायास सापडत नाही. वर जाण्यापेक्षा खाली येणेच अधिक जोखमीचे असते, आणि ते नेमके माणूस थकल्यावर व पाणी संपत आल्यावर करावे लागते. ही वाट बदाऊन वाटाडे अनवाणी किंवा तांबड्या समुद्रातील ड्युगाँग या सस्तन प्राण्याच्या जाड कातड्याच्या वहाणा घालून चालत. सर्व्हेच्या माणसांना त्याच वाटेने थिओडोलाइट सुळक्यावर न्यावे लागे, आणि कोन मोजून होईपर्यंत त्या भर वाऱ्यात स्थिर उभे राहावे लागे.

भाषापंडित पामर याचे काम निराळे होते. प्रत्येक टेकडी, घळ व झरा यांचे नाव बदाऊनांच्या तोंडून ऐकून, पडताळून लिहून घेणे हे ते काम. सर्बालच्या सर्वोच्च सुळक्यास ते ‘मधव्वा’, म्हणजे दीपस्थान, म्हणत. नावे ही वाळवंटात शोभेची वस्तू नसून ती वाटेची खूण, पाण्याची साक्ष व धोक्याची सूचना असते. खडकांवरील अक्षरांचेही त्याने पुष्कळ नमुने उतरून घेतले. चार्ल्स फॉर्स्टर या इंग्रज पाद्र्याने १८५१ मध्ये हे लेख मोझेसच्या अनुयायांचे असल्याचा दावा केला होता. परंतु लाइपझिगचा पंडित बेअर याने १८४० मध्येच त्यांच्या वाचनाची किल्ली शोधली होती, आणि पामरनेही फॉर्स्टरचे मत खोडून काढले. ते लेख बहुतांशी नबाती लिपीतील असून त्यांत नावे व अभिवादने आहेत. सर्बालच्या माथ्यावरचे पहिले गिर्यारोहक आपली ओळख अशी ठेवून गेले होते.

मोहिमेने आपला कौल जबल मूसाच्या बाजूने दिला. सर्बालच्या पायथ्याशी मोठा समुदाय उतरेल असे मैदान नाही. अलेयातच्या वादीत धोंडेच धोंडे आहेत. उलट अर्-राहाचे मैदान मोकळे आहे व जबल मूसाच्या आसपास वाहते झरे अधिक आहेत, असे मोजणीअंती दिसून आले. धर्मग्रंथातील घटनेचा भौगोलिक पुरावा म्हणून हा निकाल आजचे संशोधक अंतिम मानीत नाहीत. परंतु नकाशे टिकले, नावे टिकली, आणि कोणत्या पहाडाच्या कोणत्या अंगास पाणी आहे याची पहिली विश्वसनीय नोंद झाली.

या मंडळींचे पुढे काय झाले? कॅप्टन पामर अखेर जपानला गेला व योकोहामा शहराच्या १८८७ मध्ये पुऱ्या झालेल्या नळपाणीयोजनेचा शिल्पकार ठरला. कोरड्या पहाडांत थेंबाथेंबाचा हिशेब करणाऱ्या या अभियंत्याच्या हातून एका महानगरास पाणी मिळाले.

भाषापंडित पामरचा शेवट मात्र दारुण झाला. १८८२ मध्ये मिसरात इंग्रजांचे युद्ध सुरू होण्याच्या सुमारास त्याच्या सरकारने त्याला वाळवंटातील टोळ्यांचे मन वळविण्यासाठी पाठविले. तो गाझाहून सुएझला वाळवंटातून सुखरूप पोहोचला. त्या यशामुळे विश्वास वाढला. ऑगस्टमध्ये तो कॅप्टन विल्यम गिल व लेफ्टनंट हॅरल्ड चॅरिंग्टन यांच्यासह पुन्हा निघाला. या वेळी उंट खरेदीसाठी तीन हजार पौंडांचे सोने बरोबर होते. वादी सुद्रमध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि तिघेही मारले गेले. त्यांचे अवशेष शोधून काढण्याचे काम चार्ल्स वॉरन याने केले, आणि लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांना मूठमाती देण्यात आली.

ज्या माणसास या भूमीतील शेकडो जागांची नावे मुखोद्गत होती, जो तेथील बोली तेथल्यासारखी बोलत असे, तो तेथेच का फसला? तेरा वर्षांपूर्वी तो झऱ्यांची नावे विचारीत आला होता; या वेळी तो युद्धाचा दूत म्हणून सोने घेऊन आला. भूमी तीच होती, वाटा त्याच होत्या, परंतु त्याच्या येण्याचा हेतू बदलला होता, आणि बुर्खार्टने अकाबाजवळ ओळखलेली मर्यादा त्याने ओळखली नाही. वाटाड्याची जबाबदारी त्याच्या टोळीच्या सीमेपर्यंतच असते, आणि भीतीच्या व लोभाच्या काळात ती सीमा आणखी आखडते.

विसाव्या शतकात या पहाडांनी आणखी स्थित्यंतरे पाहिली. १९६७ पासून १९८२ पर्यंत द्वीपकल्प इस्राएलच्या ताब्यात होते. नंतर ते पूर्णपणे मिसरकडे परत आले. २००२ मध्ये सेंट कॅथरिनच्या परिसरास युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. २०१५ मध्ये बदाऊन टोळ्यांनी एकत्र येऊन ‘सीनाई ट्रेल’ हा पदयात्रेचा मार्ग सुरू केला. प्रारंभी तीन टोळ्यांच्या मुलुखातून जाणारा हा मार्ग २०१८ पर्यंत आठ टोळ्यांचा व सुमारे ५५० किलोमीटरांचा झाला. एका टोळीची सीमा संपली की वाटाडा बदलतो आणि पुढच्या टोळीचा माणूस प्रवाशास आपल्या हाती घेतो.

नकाशे आज कोणासही सहज मिळतात, दोर व पादत्राणेही पूर्वीहून उत्तम आहेत. परंतु सर्बालच्या घळीत या वर्षी कोणत्या खळग्यात पाणी आहे, हे विचारण्यासाठी प्रवाशाला आजही फेरानच्या खजुरीखालीच थांबावे लागते.